अमेरिकेतलं ड्रायव्हिंग लायसन्स: एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचं कुटुंब) आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्यांनी कागदापासून रोड टेस्टपर्यंत काय करायचं

अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. पण परदेशी नागरिकाला ते किती दिवसांसाठी द्यायचं हे त्याच्या मुक्कामाच्या परवानगीवरून ठरतं, आणि ती परवानगी केंद्राची असते. या दोन नोंदी जुळल्या नाहीत की काम अडतं. पुण्याच्या रस्त्यांवर दहा वर्षं गाडी चालवलेला माणूसही काउंटरवरून परत येतो, कारण आय-९४ या प्रवेशनोंदीवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. म्हणून या लेखाचा निम्मा भाग कागदांचा आहे. मुख्य उदाहरण कॅलिफोर्नियाचं घेतलं आहे, आणि टेक्सस, न्यू जर्सी, न्यूयॉर्क इथले महत्त्वाचे फरक पुढे दिले आहेत. सगळं खाजगी मोटारीच्या लायसन्सबद्दल आहे. ट्रक-बसचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

भारतातून निघण्याआधी

आधी भारतीय लायसन्सची मुदत पाहा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. मुदत उलटून एक वर्ष गेलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि ती तिकडे बसून देता येत नाही. वर्षभरात मुदत संपणार असेल तर आरटीओचं काम उरकूनच विमानात बसा. मूळ कार्ड सोबत हवं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत भारतात चालते, अमेरिकेतल्या पोलिसाला किंवा गाडी भाड्यानं देणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

दुसरं काम आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचं, म्हणजे आयडीपीचं. सारथी पोर्टलवर नमुना ४-अ भरायचा, शुल्क १००० रुपये, आणि परवाना तुमच्या आरटीओतून मिळतो. २०२१ च्या नियमबदलानंतर त्यासाठी वैद्यकीय दाखला आणि आधीच मिळालेला व्हिसा या अटी राहिलेल्या नाहीत. तो एक वर्षच चालतो, म्हणून प्रवासाच्या अगदी आधी काढा. आयडीपी हे स्वतंत्र लायसन्स नव्हे. मूळ भारतीय कार्ड सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे. कॅलिफोर्नियात तो कायद्यानं लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात गाडी भाड्यानं घेताना कामाला येतो. अमेरिकेत पोचल्यावर ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या वेबसाइट दिसतील. भारतीय लायसन्सवरचा आयडीपी फक्त भारतातली अधिकृत यंत्रणा देते, त्यामुळे तिथे दिलेले पैसे वाया गेले असं समजा.

जोडीदार एच-४ किंवा एफ-२ (विद्यार्थ्याचं कुटुंब) वर येत असेल तर विवाह नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र बरोबर ठेवा. घरभाड्याचा करार आणि विजेचं बिल बहुधा एकाच्याच नावावर असतं, आणि दुसऱ्याला पत्त्याचा पुरावा देताना हे प्रमाणपत्रच नातं सिद्ध करतं. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

नाव आणि आय-९४

महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि ‘प्रिया सुरेश’ असं स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. अमेरिकन यंत्रणा त्यातलं ‘सुरेश’ कधी मधलं नाव मानते, कधी पहिल्या नावाला जोडून ठेवते, कधी गाळते. लग्नानंतर पासपोर्ट ‘प्रिया अमोल’ झाला पण विद्यापीठाने जुन्या नावानं आय-२० (प्रवेशाचा अधिकृत दाखला) दिला, हेही नेहमीचंच. नियम सोपा ठेवा: पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे. आय-२०, सोशल सिक्युरिटीचा (पगार-कराच्या सरकारी क्रमांकाचा) अर्ज, घरभाड्याचा करार, बँक खातं, सगळं त्याच नावानं, त्याच स्पेलिंगनं.

विमानतळावरून बाहेर पडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच सीबीपीच्या (सीमाशुल्क व सीमा सुरक्षा विभागाच्या) आय-९४ वेबसाइटवरून आपली नोंद काढा. चार गोष्टी तपासा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, आणि मुक्कामाचा वर्ग व शेवटची तारीख. चूक असेल तर ती सीबीपीच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात दुरुस्त होते. डीएमव्हीचा (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कार्यालयाचा) कारकून ती दुरुस्त करू शकत नाही, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

शेवटच्या तारखेकडे विशेष लक्ष द्या. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख ही फक्त देशात शिरण्यासाठीची आहे. लायसन्सची मुदत आय-९४ वर ठरते. एच-१बी तीन वर्षांचा मंजूर आहे पण पासपोर्ट सव्वा वर्षात संपतो, अशा वेळी अधिकारी आय-९४ अनेकदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. मग लायसन्सही तेवढ्याचंच मिळतं. येण्याआधी पासपोर्ट नवा करून घेतला तर हा सगळा त्रास टळतो. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ (विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेपर्यंत) असतं. तिथे अनेक राज्यं आय-२० वरची शेवटची तारीख धरतात.

अमेरिकेत राहून एच-१बी वाढवला असेल तर नवा आय-९४ वेबसाइटवर शोधू नका. तो आय-७९७ए या मंजुरीपत्राच्या खालच्या भागात छापलेला असतो. त्यानंतर देशाबाहेर जाऊन परत आलात तर प्रवेशाच्या वेळची नवी नोंद लागू होते.

कधी जायचं

प्रत्येक राज्य नव्या रहिवाशाला मुदत देतं: कॅलिफोर्निया १० दिवस, न्यूयॉर्क ३०, न्यू जर्सी ६०, टेक्सस ९०. कॅलिफोर्नियाचे १० दिवस रहिवासी झाल्यापासून मोजले जातात. नुसता पाहुणा १८ वर्षांवरचा असेल आणि त्याच्याकडे स्वतःच्या देशाचं वैध लायसन्स असेल तर तो त्यावर गाडी चालवू शकतो. नोकरीसाठी राहायला आलेल्याला ही सवलत नाही.

मुदत कमी असली तरी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी डीएमव्ही गाठू नका. तिथला कारकून तुमचा मुक्काम ‘सेव्ह’ नावाच्या केंद्रीय प्रणालीत तपासतो, आणि तुमची नोंद तिथे पोचायला वेळ लागतो. विद्यार्थ्यांना दिला जाणारा सल्ला असा: देशात आल्यापासून किमान १० दिवस, आणि विद्यापीठाने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या केंद्रीय नोंदणीत) नोंद सक्रिय केल्यापासून कामकाजाचे किमान २ दिवस थांबा. नोकरीवर आलेल्यांनीही हाच अंदाज धरावा. घाई केली की ‘पडताळणी बाकी’ असा शेरा पडतो आणि प्रकरण माणसाच्या तपासणीला जातं. एरवी काही सेकंदांत होणाऱ्या कामाला मग दिवस किंवा आठवडे लागतात. असं झालं तर काउंटरवरूनच पडताळणी क्रमांक मागून घ्या. ‘सेव्ह केसचेक’ या सरकारी पानावर तो घालून प्रगती पाहता येते, आणि उत्तर आल्यावरच पुन्हा चक्कर मारायची.

तोवर कॅलिफोर्नियात ऑनलाइन अर्ज भरा आणि भेटीची वेळ घेऊन ठेवा. वेळ मिळायलाच अनेकदा बरेच दिवस जातात. जवळच्या कार्यालयात तारीख नसेल तर तासाभराच्या अंतरावरची छोटी गावं पाहा, तिथे गर्दी कमी असते.

काउंटरवर काय न्यायचं

मूळ पासपोर्ट, आय-९४ ची छापील प्रत, आणि वर्गानुसार आय-७९७ किंवा आय-२०. कॅलिफोर्नियात रिअल आयडी (केंद्राच्या निकषांनुसार दिलेलं लायसन्स) घ्यायचं असेल तर पत्त्याचे दोन पुरावे लागतात: भाडेकरार, वीज किंवा इंटरनेटचं बिल, बँकेचं पत्रक यांपैकी कोणतेही दोन. दोन्हींवर पत्ता एकसारखा हवा, अपार्टमेंटच्या क्रमांकासकट. बिलावर ‘अपार्टमेंट २०४’ आणि करारावर नुसता इमारतीचा क्रमांक, एवढ्यावरूनही अडतं.

रिअल आयडी घ्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासाला रिअल आयडी किंवा दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. वैध भारतीय पासपोर्टही त्यात चालतो. म्हणजे रिअल आयडी नसेल तर प्रवास अडत नाही, फक्त पासपोर्ट बाळगावा लागतो. आमच्या मते कागद तयार असतील तर घ्या. पासपोर्ट हरवण्याची जोखीम तरी कमी होते.

सोशल सिक्युरिटी क्रमांक नोकरी करणाऱ्याला मिळतो. कामाची परवानगी नसलेले एच-४, एफ-२, आणि नोकरी नसलेले एफ-१ विद्यार्थी त्याला पात्र नसतात. क्रमांक नाही म्हणून लायसन्स मिळत नाही असं नाही. काही राज्यं सोशल सिक्युरिटी कार्यालयाचं ‘अपात्र आहे’ असं पत्र मागतात. त्या पत्राचा क्रमांक एल-६७६. ते फार जुनं असेल तर नाकारलं जाऊ शकतं, म्हणून भेटीच्या आधीच्या आठवड्यात काढा.

शुल्क कॅलिफोर्नियात ४५ डॉलरच्या आसपास आहे आणि अधूनमधून बदलतं. एकदा भरलं की अर्ज १२ महिने चालतो आणि लेखी परीक्षेच्या तीन संधी त्यात येतात.

अर्जातला एक प्रश्न, जिथे चूक परवडत नाही

अर्ज भरताना किंवा पडद्यावर नागरिकत्वाचा आणि मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. १९९३ च्या मतदार नोंदणी कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जाबरोबरच मतदार म्हणून नाव घालता येतं. व्हिसावर असा किंवा ग्रीन कार्डवर, तुमचं उत्तर ‘नाही’ हेच. घाईत ‘हो’ दाबलं गेलं तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो, आणि त्यावरून ग्रीन कार्ड कायमचं नाकारलं जाऊ शकतं. कारकून भराभर विचारत असला तरी थांबा, प्रश्न पूर्ण वाचा, आणि सही करण्याआधी छापील प्रत पाहा. पुढे कधी घरी मतदार कार्ड आलंच तर ते फेकून देऊ नका. लगेच निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढायला लावा, वकिलाला दाखवा, आणि मतदान तर कधीच करू नका.

अनेक राज्यांच्या अर्जात १८ ते २५ वयाच्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सैन्यभरतीच्या यादीची नोंदणी विचारली जाते. वैध एफ-१, एच-१बी, एच-४ असलेल्यांना ती लागू नाही. ग्रीन कार्डवाल्यांना लागू आहे.

लेखी परीक्षा

१८ वर्षांवरच्यांना कॅलिफोर्नियात ३६ प्रश्न असतात, ३० बरोबर हवेत. त्याच भेटीत डोळ्यांची तपासणी होते. दोन्ही डोळ्यांनी मिळून २०/४० दिसायला हवं. चष्मा लावून पास झालात तर लायसन्सवर तशी अट येते.

डीएमव्हीची पुस्तिका मोफत आहे आणि प्रश्न तिच्यातलेच असतात. भारतातल्या अनुभवावर अंदाजानं उत्तरं देणारे नापास होतात, कारण प्रश्न आकड्यांचे असतात. काही पाठच करा: वळण्याआधी १०० फुटांवर इंडिकेटर. मधल्या सामाईक वळण-लेनमध्ये २०० फुटांपेक्षा जास्त चालवायचं नाही. उजवीकडे वळण्याआधी सायकल लेनमध्ये शिरायचं ते शेवटच्या २०० फुटांतच. निवासी भागात पाटी नसेल तर ताशी २५ मैल. चढावर कडेला कर्ब (फुटपाथची उंच कड) असेल तर पुढची चाकं डावीकडे वळवून गाडी लावायची, उतारावर उजवीकडे. कर्ब नसेल तर दोन्ही वेळा उजवीकडे. दारूची मर्यादा २१ वर्षांवरच्यांना ०.०८ टक्के. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यानंही थांबायचं. रस्ता दुभाजकाचा असेल किंवा दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असतील तर समोरच्या बाजूनं थांबण्याची सक्ती नाही.

पास झालात की शिकाऊ परमिट मिळतं. त्यावर एकट्यानं चालवता येत नाही. कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेला, १८ वर्षांवरचा माणूस शेजारच्या सीटवर हवा.

रोड टेस्ट: चांगले चालवणारे का नापास होतात

गाडी तुम्हीच आणायची, आणि परवानाधारक माणूस सोबत. नोंदणी आणि विम्याचे कागद चालू मुदतीचे हवेत. भाड्याची गाडी असेल तर करारात तुमचं नाव चालक म्हणून हवं आणि टेस्टला मनाई नसावी. निघण्याआधी परीक्षक ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, टायर, आरसे, सीट बेल्ट, चालकाच्या बाजूची काच आणि शेजारचं दार आतून-बाहेरून उघडतं का हे पाहतो. मागचा एक दिवा बंद असला तरी टेस्ट होत नाही. हाताचे इशारे विचारतो: डावा हात सरळ बाहेर म्हणजे डावीकडे, कोपरातून वर म्हणजे उजवीकडे, खाली म्हणजे थांबतोय. वायपर, काचेवरचं धुकं काढणारं बटण, हॅझर्ड लाइट आणि पार्किंग ब्रेक कुठे आहे हे न चाचपडता दाखवता आलं पाहिजे. उसनी गाडी घेऊन जाणारे इथेच अडखळतात.

टेस्ट साधारण २० मिनिटांची. १५ पर्यंत चुका चालतात, पण एकही गंभीर चूक चालत नाही. गंभीर चूक म्हणजे पाटी न पाळणं, कर्बवर चढणं, परीक्षकाला मध्ये पडावं लागणं, मर्यादेपेक्षा ताशी १० मैल जास्त जाणं, आणि विनाकारण १० मैल कमी चालवणं. शेवटची गोष्ट आपल्याकडच्यांना पटत नाही. सावकाश चालवणं म्हणजे सुरक्षित, असा आपला हिशेब असतो. इथे तो मागच्यांना अडथळा धरला जातो.

सर्वांत जास्त लोक ‘स्टॉप’च्या पाटीवर पडतात. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. रेषा नसेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे, तेही नसेल तर चौकात शिरण्याआधी. रस्ता मोकळा दिसला म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये सरकत जाण्याची सवय मुंबई-नाशिक-कोल्हापूर सगळीकडची, आणि ती इथे एका क्षणात नापास करते. थांबल्यावर मनात तीन अंक मोजा. झाडामुळे काही दिसत नसेल तर आधी रेषेवर पूर्ण थांबा, मग इंचाइंचानं पुढे सरकून पुन्हा पाहा. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी थांबला तो आधी निघतो. एकाच वेळी पोचलात तर उजवीकडच्याला जाऊ द्यायचं.

दुसरी चूक मान न वळवणं. लेन बदलताना, कडेवरून निघताना, सायकल लेनमध्ये शिरताना आरसा पाहून खांद्यावरून मागे पाहायचं. तुम्ही आरशात पाहिलं हे परीक्षकाला कळत नाही, मान वळलेली कळते. डोळे फिरवू नका, हनुवटी खांद्याकडे न्या.

तिसरी, डावीकडे वळताना भलत्या लेनमध्ये जाणं. आपण आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूनं चाललेलो, त्यामुळे रिकाम्या रस्त्यावर वळलं की हात आपोआप डाव्या बाजूला ओढतात. सरावात ‘मधली रेषा माझ्या बाजूला’ एवढंच घोकत वळा. डावीकडे वळताना मध्यरेषेच्या उजवीकडची पहिली लेन, उजवीकडे वळताना कर्बजवळची लेन.

लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, पण पूर्ण थांबून, पादचाऱ्यांना आणि डावीकडून येणाऱ्यांना जाऊ देऊन, आणि मनाईची पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात उलट आहे, तिथे परवानगीची पाटी असेल तरच. कॅलिफोर्नियाच्या टेस्टमध्ये पॅरलल पार्किंग नाही. त्याऐवजी कर्बला लागून तीन गाड्यांच्या लांबीइतकं सरळ रेषेत मागे यायचं असतं. त्या वेळी मान वळवून मागच्या काचेतून पाहा, नुसत्या कॅमेऱ्याच्या भरवशावर येऊ नका.

टेस्टच्या आधी त्याच डीएमव्ही कार्यालयाभोवतीच्या दोन-तीन मैलांच्या गल्ल्यांत फिरा. शाळा, झाकलेल्या स्टॉपच्या पाट्या, डावीकडची वळणं ओळखीची होतात. प्रशिक्षकाचे दोन तास विकत घेणं हा आमच्या मते या साऱ्या खर्चातला सर्वांत उपयोगी खर्च आहे, कारण जुन्या सवयी घरच्या माणसाला दिसतच नाहीत.

बाकीच्या राज्यांतले फरक

भारतीय लायसन्सवर चाचणीशिवाय अदलाबदल कॅलिफोर्नियात नाही. टेक्ससची अशी व्यवस्था कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, दक्षिण कोरिया अशा मोजक्या देशांशी आहे. टेक्ससमध्ये १८ ते २४ वयाच्यांना सहा तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा. रोड टेस्टआधी ‘इम्पॅक्ट टेक्सस’चा व्हिडिओ पाहून त्याचं प्रमाणपत्र न्यावं लागतं, आणि ते ९० दिवसच चालतं. पॅरलल पार्किंग आहे.

न्यू जर्सीत ओळखपत्रांचे ६ गुण जमवावे लागतात, लेखीत ५० पैकी ४० हवेत. टेस्टच्या गाडीचा हँडब्रेक परीक्षकाच्या हाताशी हवा. पायानं दाबायचा ब्रेक किंवा डाव्या कोपऱ्यातलं बटण असलेली गाडी घेऊन गेलेले तसेच परततात. न्यूयॉर्कमध्ये २० पैकी १४, त्यातही चिन्हांच्या ४ प्रश्नांपैकी २ बरोबर हवेतच, आणि रोड टेस्टआधी पाच तासांचा वर्ग. तिथे पास झाल्यावर परदेशी लायसन्स जमा करावं लागतं. भारतात लवकर परतणार असाल तर डीएमव्हीला ते राखून ठेवायला सांगा.

कार्ड आल्यावर, आणि पुढचं नूतनीकरण

कार्ड टपालानं येतं. अपार्टमेंटच्या पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन ते परत पाठवू शकतो, म्हणून अर्जाच्या दिवशीच नाव लावा. घर बदललं तर कॅलिफोर्नियात १० दिवसांत डीएमव्हीला कळवा. इमिग्रेशनलाही १० दिवसांतच, एआर-११ या स्वतंत्र अर्जानं.

लायसन्सची तारीख आय-९४ बरोबर संपते, आणि एच-१बी वाढवण्याचा अर्ज बाकी असताना नेमकी ती येते. वेळेत अर्ज केला असेल तर काम २४० दिवस चालू ठेवता येतं, पण गाडी चालवण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. काही राज्यं आय-७९७सी या पावतीवर तात्पुरती मुदत देतात, काही मंजुरी येईपर्यंत थांबवतात. कंपनीला सहा महिने आधी अर्ज करायला लावा, हा यावरचा खरा उपाय. संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. विम्याची किमान रक्कमही आता वाढली आहे: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एका व्यक्तीच्या दुखापतीसाठी ३० हजार, एका अपघातासाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार डॉलर. गंभीर अपघातात हे फार अपुरं पडतं, परवडेल तेवढा जास्त घ्या.

वेगाचं साधं चलान भरून टाका, व्हिसावर सहसा परिणाम होत नाही. पण कोर्टाची तारीख चुकवली तर अटक वॉरंट निघू शकतं. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर प्रकरण वेगळंच. गुन्हा सिद्ध होण्याआधीही दूतावास व्हिसा रद्द करू शकतो. एक पेग झाला असेल तरी उबर बोलवा.

आईवडील भेटीला आले तर

बी-२ (पर्यटक व्हिसा) वर सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील राज्याचे रहिवासी नसतात. कॅलिफोर्नियात ते वैध भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकतात. सोबत आयडीपी असेल तर पोलिसाला समजायला सोपं जातं. खरी अडचण विम्याची. घरात राहणाऱ्या प्रत्येक चालकाची माहिती विमा कंपन्या मागतात, आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाला ‘अधूनमधून गाडी घेणारा’ मानायला नकार देऊ शकतात. ते येण्याआधी कंपनीला त्यांचं वय, लायसन्सचा देश आणि मुक्कामाच्या तारखा कळवा, आणि पॉलिसीत ते धरले आहेत हे ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या होकारावर त्यांच्या हाती किल्ली देऊ नका.